दुसरा हात

माझी मूल्यं पाचापैकी पाच आहेत. हे मी नाही म्हणत, कागदावर छापून आलंय. आणि कामगिरी पाचापैकी दोन. तेही छापून आलंय, त्याच कागदावर, शेजारच्या रकान्यात. तक्तेवाल्या मॅडमनी तो कागद माझ्यासमोर सरकवला आणि गोड हसून म्हणाल्या, "तुमची मूल्यं खूपच छान आहेत हो!" मला वाटलं, आता ही बाई टाळ्या वाजवते की काय. पण नाही. म्हणाल्या, "आता जरा आकड्यांकडे बघू या."

आधी काम काय ते सांगते, नाहीतर कुणाला वाटायचं मी कुठली मोठी साहेबीण होते. आम्ही इस्पितळाच्या तळघरात. वर ऑपरेशनं होतात, तिथे वापरलेल्या कात्र्या, चिमटे, पकडी सगळं रक्तानं माखून लिफ्टनं खाली आमच्याकडे येतं. ते धुवायचं, पुसायचं, प्रत्येक कात्रीची बिजागरी उघडून भिंगाखाली बघायची. मग कोणत्या ऑपरेशनला काय लागतं त्याची यादी असते, त्याप्रमाणे ट्रे लावायचा. त्याला आम्ही सेट म्हणतो. सेट दुहेरी कापडात बांधायचा, वाफ नीट लागली की जिच्या रेघा काळ्या होतात ती पट्टी चिकटवायची आणि वाफेच्या भट्टीत जाणाऱ्या गाडीवर ठेवायचा. विभागाचं खरं नाव हातभर लांब आहे, आम्ही आपलं वाफखोली म्हणतो. सहा बायका. त्यात मी बावीस वर्षं उभी होते. उभीच. हे काम बसून होत नाही.

आणि एक चिमटा कमी गेला तर काय बिघडतं, असं कुणी विचारलं ना, तर माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. वर एका माणसाचं पोट उघडलेलं असतं. डॉक्टर हात पुढे करतो. ज्या पकडीनं रक्त थांबवायचं ती ट्रेमध्ये नसते. मग दुसरा सेट उघडेपर्यंत सगळे एकमेकांची तोंडं बघत बसतात. तो माणूस काही आपल्याला बघायला येत नाही, आपणही त्याला बघत नाही. पण तो असतो.

म्हणून आमच्याकडे दुसरा हात होता. ही पद्धत थोरल्या सिस्टरांची, ज्यांनी मला काम शिकवलं. गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. एकीनं सेट लावला की बांधायच्या आधी दुसरीनं तो पहिल्यापासून मोजायचा, बिजागऱ्या बघायच्या आणि चिठ्ठीवर आपली खूण करायची. मी नवीन असताना एकदा तोऱ्यात म्हटलं होतं, "सिस्टर, मी दोनदा मोजलंय." त्या म्हणाल्या, "आपलं मोजलेलं आपणच परत मोजलं की तोच आकडा येतो. आपण वस्तू मोजतच नाही, आपली आठवण मोजतो. दुसरीला बोलाव." तेव्हापासून मी बोलावत आले. आणि दुसरीचं मोजायला तर मी इतकी पक्की झाले की बायकांनी माझं नावच मोजणीबाई ठेवलं.

मला ते नाव आवडायचं, आता काय लपवायचं. घरात मी थोरली सून, थोरली जाऊ, ते लग्नानं मिळालं. मोजणीबाई मी कमावलं होतं.

आमच्या सहा जणींत माझी धाकटी जाऊही होती. मीच आणली तिला. दिरांची कंबर गेली, त्यांना कारखान्यात उभं राहवेना, पुतणीचं शिक्षण अर्ध्यावर. तेव्हा थोरल्या सिस्टरांच्या मागे लागून लागून मी हिला वाफखोलीत चिकटवली. दोन वर्षं झाली त्याला. हिचा हात असा चालतो की बघणाऱ्याचे डोळे दुखावेत. एका जागी ठरायचं नाही, आत्ता इथे तर आत्ता तिथे. बायका तिला भिंगरी म्हणायच्या. मी तिला रोज म्हणायची, "अगं, हळू. गाडी सुटत नाहीये." ती हसायची. "ताई, तुम्ही आहात ना मोजायला." खरंच होतं ते. तेव्हा मी होते मोजायला.

मग इस्पितळ दुसऱ्या मोठ्या मंडळींनी घेतलं. पाटी बदलली, गणवेशाचा रंग बदलला, आणि एके दिवशी तक्तेवाल्या मॅडम खाली आल्या. वय असेल तिशीचं. वागायला वाईट नाहीत, हे मी आजही म्हणेन. आम्ही उभ्या म्हणून त्यांनीही खुर्ची घेतली नाही, उभ्या राहूनच बोलल्या. हातात ती काचेची पाटी, तिच्यावर बोट फिरवलं की तक्ते उघडतात, म्हणून तक्तेवाल्या.

आधी त्यांनी एक फॉर्म वाटला. 'मला माझ्या कामाचा अभिमान वाटतो', एक ते पाच. 'माझ्या कामाचा कुणाला तरी उपयोग होतो', एक ते पाच. 'बदलाला मी आनंदानं सामोरी जाते', एक ते पाच. भिंगरीनं माझ्या कानात विचारलं, "ताई, यात बरोबर उत्तर कुठलं?" मी म्हटलं, "खरं ते लिही." मी पहिल्या दोन्हीला पाच दिले. तिसऱ्यापाशी जरा थांबले आणि बावळटासारखं तिथेही पाच दिले. म्हटलं, बघू तरी बदल काय आणतात ते.

बदल असा की प्रत्येकीला एक कार्ड मिळालं. सेट हातात घेतला की कार्ड टेकवायचं, बांधून झाला की परत टेकवायचं. भिंतीवर पडदा लागला, त्यावर सहा जणींचे सहा पट्टे. सेट जास्त तर पट्टा हिरवा, मध्यम तर पिवळा, कमी तर लाल. आणि दुसरा हात बंद. एका सेटला एकच कार्ड. तीन महिने बघणार, मग सहातल्या चौघी ठेवणार आणि दोघींना निरोप.

मी उठून बोलले. माझं तोंड फटकळ आहे, मला गप्प बसता येत नाही. म्हटलं, "मॅडम, दुसरा हात काढलात तर चुका वर जातील."

"जातील का?" त्यांनी खरंच उत्सुकतेनं विचारलं. "मग थिएटरमधून तक्रारी येतील, त्या आकड्यांत दिसतील. दिसल्या तर दुसरा हात परत आणू. आपण आकड्यांना बोलू देऊ या."

म्हटलं, बोलू दे. सोपं वाटलं होतं मला.

दुसऱ्याच दिवशी भिंगरीचा एक सेट गाडीवर नीट ठेवायला मी उचलला आणि तो हाताला हलका लागला. बावीस वर्षं उचलतेय, हाताला कळतं. इकडेतिकडे बघितलं, सेट कोपऱ्यातल्या टेबलावर नेला, पट्टी सोडली, कापड उघडलं. पकडी दहा हव्यात, नऊ. पडद्यावर हिचा पट्टा हिरवागार होता आणि ही पाठमोरी, मान खाली घालून पुढचा सेट लावत होती. हाक मारावी तर सगळ्यांच्या कानावर जाणार. चूक नोंदली की लाल खूण, तीन लाल खुणा झाल्या की घरी. मी कपाटातून दहावी पकड घेतली, ठेवली, परत बांधलं, नवी पट्टी लावली. म्हटलं, घरी गेल्यावर सांगू. घरी गेले तर पुतणी हट्ट धरून बसलेली, दीर कण्हत होते, ही कणीक मळता मळता दोघांना आवरत होती. म्हटलं, उद्या सांगू.

उद्या आणखी एक सापडला. मग भट्टीवालीचा एक. ही आमची सगळ्यांत जुनी, वाफेची भट्टी चालवते आणि मधल्या वेळात सेट लावते. मग परत भिंगरीचा. सरळ कात्रीच्या जागी वाकडी. एका चिमट्याच्या दात्यांत धागा. माझं आपलं सुरू झालं. माझा सेट बांधायचा, गाडीवरचे सेट हातात घेऊन बघायचे, हलका लागला, जड लागला, खुळखुळला की कोपऱ्यात नेऊन उघडायचा. एकेकाला सात-आठ मिनिटं. माझं कार्ड तेवढा वेळ गळ्यात लोंबकळत. दुसऱ्या आठवड्यात माझा पट्टा पिवळा झाला, चौथ्यात लाल.

वहीत लिहून ठेवायला कधी लागले ते नक्की सांगता येणार नाही. पुतणीची एक जुनी वही होती, मागची पानं कोरी. तारीख, कोणता सेट, काय चुकलं, कुणाचं. मनाला सांगितलं, पुढेमागे पुरावा लागेल. खरं सांगू? लिहिलं की बरं वाटायचं. दिवसभर लाल पट्ट्याखाली उभं राहायचं आणि आपलं केलेलं कुठेच नाही, असं सहन होत नव्हतं. निदान वहीत तरी होतं.

भट्टीवालीला एवढं माहीत होतं की मी सेट उघडते. एकदा डबा खाताना म्हणाली, "मोजणीबाई, तू वेडी आहेस का गं? तू चुका वर जाऊच देत नाहीस, मग आकडे बोलणार काय, डोंबल? एक जाऊ दे. एकच. मग बघ कशा धावत खाली येतात."

तिचं चुकीचं नव्हतं. हे मला आधीच सुचलेलं होतं आणि मी त्याच्याकडे काणाडोळा केला होता.

तरी केलं मी. दोन महिने होत आले असतील. भिंगरीच्याच एका सेटमध्ये रक्त थांबवायची मोठी पकड नव्हती. मी उघडला, बघितलं आणि तसाच परत बांधला. गाडीवर ठेवला. भट्टीतून तो बाहेर आला, गार झाला, वर जायच्या कपाटात गेला. मी आपली माझ्या टेबलाशी उभी, हातात कात्री, बिजागरी उघडतेय मिटतेय. लिफ्ट खाली आली. वरची नर्स आली, एकेक सेट उचलायला लागली. आणि मला तो हात दिसायला लागला. डॉक्टरचा. पुढे केलेला, रिकामा. मी धावले. "अगं ए, थांब, त्याची पट्टी नीट काळी झालेली नाही!" असं काहीतरी खोटंच ओरडले आणि तिच्या हातातून सेट ओढून घेतला. पट्टीवरच्या रेघा चांगल्या काळ्याकुट्ट होत्या. मी तो सेट घेऊन धुवायच्या खोलीत गेले आणि नळ सोडून रडले. स्वतःचाच राग येत होता. माझ्या हातून साधी लबाडीसुद्धा होईना.

त्यानंतरचा महिना मी दातओठ खाऊन काढला. एक चूक वर जाऊ दिली नाही. एकही.

त्याच दिवसांतली एक गोष्ट सांगायला हवी. आमची डबा खायची वेळ आलटून पालटून. माझी आधी, भिंगरीची नंतर. एकदा मी डबा खाऊन आले तर गाडीवर माझाच सेट, पण पट्टीचं टोक दुमडलेलं. पट्टीचं टोक दुमडायची सवय हिची. म्हणते, वरच्यांना उघडायला सोपं जातं. माझी पट्टी सपाट असते, मुंगी शिरणार नाही अशी. मी हिच्यावर ओरडले, सगळ्यांसमोर. "माझ्या सेटला हात लावायचा नाही! तुझं तू बघ." हिनं एकदा माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "पट्टी सुटली होती, ताई. चिकटवली." माझी पट्टी कधी सुटत नाही. पण म्हटलं, एवढ्यातेवढ्यावरून घर डोक्यावर नको घ्यायला, आणि सोडून दिलं.

तीन महिने संपले. मॅडम खाली आल्या, आम्हाला ओळीत उभं केलं आणि पडद्यावर तक्ता लावला. तीन महिन्यांत थिएटरमधून तक्रारी: शून्य. सेट: पूर्वीपेक्षा दीडपट. "म्हणजे," मॅडम आनंदानं म्हणाल्या, "दुसऱ्या हाताची गरज नव्हती, हे तुम्हीच सिद्ध करून दाखवलंत. अभिनंदन!" मग त्यांनी भिंगरीला पुढे बोलावलं. सगळ्यांत जास्त सेट, एकही चूक नाही. तिला फुलांचा गुच्छ दिला, फोटो काढला. मग माझ्याकडे वळून, अगदी मायेनं, "अनुभव आहेच तुमच्याकडे. पण वेग कसा आणायचा, हे जरा यांच्याकडून शिकून घ्या."

बायका खाली बघायला लागल्या. भट्टीवालीनं कपाळाला हात लावला. भिंगरी गुच्छ हातात धरून लाल झाली होती. आनंदानं की कशानं, मी बघितलं नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. ज्या पोरीला मी बोट धरून आणली, जिचे चुकलेले सेट मी कोपऱ्यात उभी राहून निस्तरले, तिच्याकडून शिका! घरी गेले, तर गुच्छ स्वयंपाकघरातल्या खिडकीत, पाण्याच्या भांड्यात. पुतणी म्हणाली, "काकू, आईचा फोटो बघितलास?" मी म्हटलं, "बघितला."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला वर त्यांच्या खोलीत बोलावलं होतं. सकाळी निघायच्या आधी वही उघडली. चुका एकतीस. त्यातल्या एकोणीस भिंगरीच्या. 'कुणाचं' या रकान्यावर काळी शाई फिरवता आली असती. पेन हातात घेतलंही होतं मी. तेवढ्यात खिडकीतला तो गुच्छ दिसला. पेन खाली ठेवलं आणि वही तशीच पिशवीत टाकली. इथे मला दुसऱ्या कुणी काही करायला लावलं नाही. हे माझं मी केलं.

मॅडमनी तो कागद सरकवला, मूल्यं पाच, कामगिरी दोन, आणि म्हणाल्या, आता आकड्यांकडे बघू. मी म्हटलं, "बघू या," आणि वही पुढे केली.

त्यांनी पानं उलटली. एक, दोन, चार. हसू हळूहळू मावळलं. "या चुका... झाल्या होत्या?"

"झाल्या होत्या. वर गेल्या नाहीत, कारण मी उघडून दुरुस्त केल्या. तुमचं शून्य खरं नाही, मॅडम. ते शून्य माझं आहे."

मला वाटलं, आता तरी पटेल. तीन महिन्यांनी पहिल्यांदा कुणीतरी माझं काम वाचत होतं.

"पण मोठा प्रश्न आहे हो हा," त्या हळू म्हणाल्या. "कार्ड टेकवून बंद झालेला सेट तुम्ही उघडलात. कुठेही नोंद न करता. एकतीस वेळा. उद्या काही झालं असतं तर तो सेट कुणी बांधला, हे सांगता आलं असतं का?"

बरोबर होतं त्यांचं, हेच तर वाईट. नियमानं बरोबर होतं.

"मग मी काय करायला हवं होतं? तसेच जाऊ द्यायला हवे होते?"

"मला सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर त्यांना लाल खुणा लागल्या असत्या."

"हो," त्या म्हणाल्या. "त्यासाठीच तर त्या असतात." मग त्यांनी वहीचं आणखी एक पान उलटलं आणि एकदम विचारलं, "पण बांधलेल्या गाडीभर सेटमधून नेमका चुकलेला तुम्हाला कळायचा कसा?"

"हातात घेतला की कळतो. हलका लागतो. एक पकड कमी असली तरी लागतो."

त्यांचा चेहरा उजळला. "वजन!" त्या म्हणाल्या. "अहो, वजन!" आणि काचेच्या पाटीवर भराभर लिहायला लागल्या. प्रत्येक सेटचं ठरलेलं वजन, टेबलात बसवलेला काटा, फरक पडला की लाल दिवा. माझ्यासमोर, माझ्याच तोंडून ऐकून, बावीस वर्षांचा माझा हात त्यांनी दोन मिनिटांत टेबलात बसवला. वर म्हणाल्या, "थँक्यू. खरंच. फार मोलाची सूचना आहे ही." वही मात्र त्यांनी ठेवून घेतली.

चार दिवसांनी पत्रं आली. भट्टीवालीसकट तिघींना ताकीद. सहावीचं वहीत नावच नव्हतं, तिला काही नाही. मला निरोप, नियम मोडल्याबद्दल. आणि भिंगरीला निरोप, चुकांबद्दल. पत्राला माझ्या वहीच्या पानांच्या नकला जोडलेल्या होत्या. माझं अक्षर सुवाच्य आहे, सगळं नीट वाचता येत होतं.

चार दिवस आधी मी मॅडमच्या खोलीतून उतरले तेव्हाच मला कळलं होतं काय करून बसले ते. पण मूग गिळून गप्प राहिले. मनात आपलं, मॅडम नावांकडे बघणार नाहीत, बघितलं तरी तिचे आकडे चांगले आहेत, तिला ठेवतील. चार दिवस मी तिच्या हातचा चहा प्यायले.

शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही दोघी कपडे बदलायच्या खोलीत कपाटं रिकामी करत होतो. बाहेर दोन माणसं टेबलं मोजत होती, काटा कुठे बसवायचा ते बघायला. ती पत्राची पानं हातात घेऊन बाकावर बसली. भिंगरी बसलेली मी क्वचितच बघितलेली.

"एकोणीस," ती म्हणाली.

"हं."

"एकदाही सांगितलं नाहीत, ताई. एका घरात राहतो आपण. सकाळी एकाच भांड्यातला चहा पितो. पहिल्या दिवशी सांगितलं असतंत, 'अगं, नऊ आहेत, दहा हव्यात', तर मी हळू केलं असतं ना."

"तुला लाल खूण लागली असती."

"तुम्ही मला सांगायचं होतं. पडद्याला कुठे सांगायचं होतं?"

मी कपाटातला गणवेश काढला, घडी घातली, मोडली, परत घातली. शेवटी म्हटलं, "मी तुझ्यासाठीच केलं गं. तुझी नोकरी..."

"माझ्यासाठी केलंत तर लिहून कशाला ठेवलंत?"

बाहेर टेप ओढल्याचा आवाज आला. कुणीतरी मोठ्यानं आकडा सांगितला, दुसऱ्यानं तो परत म्हटला.

ती उठली. पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाली, "तुमच्या सेटची पट्टी दुमडलेली होती, आठवतं? ओरडलात मला."

"आठवतं."

"पट्टी सुटली नव्हती. मी उघडली होती. तुमच्या कात्रीच्या बिजागरीत रक्त होतं, ताई. वाळलेलं. तुम्ही चष्म्याचा नंबर तपासून घेत नाही, किती दिवस म्हणतेय मी. धुतली, पुसली, परत बांधली."

"एकदाच ना?"

"नाही. तुम्ही डबा खायला गेलात की मी बघायची. पाचेक वेळा निघालं असेल, सहा वेळा. आणि पकडी तुमच्या नेहमी दहाच असायच्या, तेवढं खरं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही मोजणीबाई," ती म्हणाली. रागावून नाही, नुसतंच म्हणाली. "तुम्हाला सहन झालं नसतं."

म्हणजे दुसरा हात बंद झालाच नव्हता. तीन महिने आम्ही दोघी एकमेकींच्या पाठीमागे एकमेकींचे सेट उघडत होतो, आणि भिंतीवरचा पडदा शून्य दाखवत होता. मला एकदम हसू आलं आणि ते अर्ध्यात मोडलं. मी पुढे होऊन तिचा हात धरायला गेले. तिनं सोडवून घेतला, हळूच, जसं गरम झाकण धरलेलं बोट काढून घ्यावं तसं.

दारापर्यंत गेली. मागे न वळताच थांबली.

"फक्त मी लिहून ठेवलं नाही," ती म्हणाली, आणि जिन्यानं वर गेली.